स्टॅम्पवर एलएसडी नव्हतंच (२५आय-एनबोमबद्दल, मोठं आहे पण वाचा)

म्हापसेकरीण

बरेच दिवस लिहू की नको चाललं होतं, आज पावसामुळे दुकान लवकर बंद केलं आणि बसले लिहायला. मी फार्मसिस्ट, गोव्यात बार्देसात आमचं मेडिकल आहे, २२ वर्षं झाली काउंटरवर उभी राहतेय, आणि तरी गेल्या डिसेंबरपर्यंत एनबोम हा, म्हणजे एलएसडीच्या नावाखाली खपवल्या जाणाऱ्या एका नशेच्या पदार्थाचा, शब्द मी कधी ऐकला नव्हता हे आधीच कबूल करते.

माझा भाचा, बहिणीचा मुलगा, वय २१, इंजिनिअरिंगला आहे. नाताळच्या आधी किनाऱ्याकडच्या एका पार्टीला गेला, तिथे मित्राने स्टॅम्प दिला, म्हणजे नशा लावलेला कागदाचा इवलासा तुकडा, एलएसडी म्हणून. पोरगं तसं घाबरट आहे, त्याने मोबाईलवर शोधून पाहिलं म्हणे, की एलएसडीने माणूस मरतो का, आणि सगळीकडे तेच लिहिलेलं की नाही, नुसत्या एलएसडीने मेल्याच्या नोंदी जवळजवळ नाहीतच. ते खोटं नाहीच आहे. फक्त त्याच्या जिभेखाली होतं ते एलएसडी नव्हतं.

रात्री तीनला फोन आला. त्याआधी अडीच तास मित्रांनी त्याला खोलीत कोंडून ठेवलेलं, पंखा लावून, तोंडात लिंबूपाणी घालत, कारण पोलीस येतील ही भीती. मी कॅज्युअल्टीत पोचले तेव्हा तिघे जण धरून होते त्याला, अंग तव्यासारखं तापलेलं, दातखिळी बसलेली, आणि डोळ्यांच्या बाहुल्या एवढ्या पसरलेल्या की बुबुळाचा तपकिरी रंगच दिसेना. मला ओळखलं नाही त्याने. आणि लघवीची पिशवी लावली तेव्हा त्यात जे उतरलं ते कोऱ्या चहासारखं होतं, तो रंग बघून माझ्या पोटात गोळा आला कारण तो रंग कशाचा हे मला माहीत होतं, स्नायू विरघळून मूत्रपिंडातून येतायत.

तिथे लघवीची स्ट्रिप टेस्ट केली, सगळं निगेटिव्ह. ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरने सांगितलं, टेस्ट क्लीन आहे, ड्रग्ज नाहीत, हे मानसिक आहे, सायकियाट्रीला दाखवा. त्यात अर्धा पाऊण तास गेला. हॉस्पिटलचं नाव घेणार नाही, तो तरुण डॉक्टरही रात्रभर उभा होता. मग एक सीनियर बाई आल्या, त्यांनी स्ट्रिपकडे बघितलंही नाही, थर्मामीटर बघितला आणि म्हणाल्या आधी याला थंड करा. आयसीयूत सहा दिवस, दोनदा डायलिसिस. वाचला.

मित्राच्या पाकिटात उरलेला अर्धा तुकडा पोलिसांनी नेला होता, त्याचा लॅबचा रिपोर्ट एप्रिलमध्ये कळला. २५आय-एनबोम. तेव्हापासून मिळेल ते वाचतेय आणि जे कळलं ते इथे टाकतेय, कारण आपल्या गावागावातून पोरं त्या पट्ट्यात नोकरीला जातात, पार्टीला जातात, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य आहे की एलएसडीने कोणी मरत नाही.

एक गोष्ट माझ्या धंद्यातली सांगते म्हणजे अंदाज येईल. माझ्या दुकानात सगळ्यात कमी मात्रेच्या औषधांतलं एक म्हणजे थायरॉईडची गोळी, २५ मायक्रोग्रॅमची. पॅरासिटामॉलची गोळी ५०० मिलिग्रॅमची, म्हणजे तिच्या २० हजारपट. एवढंसं औषध प्रत्येक गोळीत सारखं पडावं म्हणून कंपन्यांकडे मशिनं असतात, बॅचनिहाय तपासणी असते, आणि तरीही कधीकधी बॅच परत मागवतात. एनबोम एक मिलिग्रॅमच्याही आत काम करतं, आणि ते कागदावर चढवतो कोण, तर कोणीतरी खोलीत बसून द्रावणात कागद बुडवणारा, ज्याच्याकडे तेवढं बारीक मोजणारा तराजूही नसणार. एकाच कागदाच्या शेजारशेजारच्या दोन तुकड्यांत कितीही फरक पडू शकतो. भाच्याच्या मित्राने त्याच कागदाचा अर्धा तुकडा घेतला होता, त्याला नुसतं मळमळलं.

केमिस्ट्रीवाले कोणी असतील तर पुढचं सांगा, मला रचना नीट समजावता येणार नाही.

काचनळी

ताई, वाचून हात थांबले. भाचा सुखरूप आहे ना आता, मूत्रपिंडं पूर्ववत झाली का ते कळवा.

रचनेचं मी सांगतो, कॉलेजात ऑरगॅनिक शिकवतो. या पदार्थाचं नाव वाचता आलं की निम्मी गोष्ट कळते. बेंझीनची कडी घ्या, तिच्या २ आणि ५ क्रमांकाच्या जागी मेथॉक्सी गट, म्हणून २५. चौथ्या जागी आयोडीन, म्हणून आय. तिथे क्लोरीन असेल तर २५सी, ब्रोमीन असेल तर २५बी. या कडीपासून दोन कार्बन सोडून नायट्रोजन. एवढाच रेणू असेल तर त्याला २सी-आय म्हणतात, आणि हे २सी घराणं अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ अलेक्झांडर शुल्गिन यांचं, त्यातलं २सी-बी त्यांनी १९७४ मध्ये केलं. आता त्या नायट्रोजनला आणखी एक बेंझिल गट जोडा, त्याच्यावर ऑर्थो जागी मेथॉक्सी, ही झाली एनबोम शेपटी.

गंमत अशी... गंमत नको म्हणायला, नवल असं की या जातीच्या रेणूंत नायट्रोजनवर काही मोठं लावलं की परिणाम मरतो असाच जुना अनुभव होता. बर्लिनच्या फ्री युनिव्हर्सिटीत राल्फ हाइम नावाच्या संशोधकाने पीएचडीच्या कामात ही शेपटी लावून पाहिली, २००३ चं काम, आणि निघालं उलटंच. मेंदूतल्या ५-एचटी२ए या सेरोटोनिन रिसेप्टरला, म्हणजे पेशीवरच्या ज्या कुलपात सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन किल्लीसारखं बसतं त्याला, हा रेणू इतका घट्ट चिकटतो की त्याचा आकडा ०.०४४ नॅनोमोलर असा दिलेला आहे, आकडा जितका लहान तितकी पकड घट्ट, आणि मूळ २सी-आयच्या साधारण १६ पट जोर. शिवाय एलएसडी या रिसेप्टरला अर्धवटच चालू करतं, ज्याला पार्शियल ॲगोनिस्ट म्हणतात, एनबोम त्याला जवळजवळ पुरतं दाबून धरतं.

आणि हे लक्षात घ्या की हे कोणी नशेसाठी केलेलं नव्हतं. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात डेव्हिड निकोल्स यांच्या प्रयोगशाळेनेही या रेणूंवर काम केलं, रिसेप्टर कसा चालतो ते समजून घ्यायला. कोपनहेगनमध्ये २५बीला किरणोत्सारी कार्बन-११ जोडून सिंबी-३६ नावाचा ट्रेसर, म्हणजे शरीरात कुठे जातो ते दिसणारा खुणेचा पदार्थ, केला, तो अगदी नगण्य मात्रेत टोचून पेट स्कॅनमध्ये जिवंत माणसाच्या मेंदूत हे रिसेप्टर कुठे किती आहेत ते बघतात. २०२० मध्ये या रिसेप्टरची चालू अवस्थेतली रचना पहिल्यांदा दिसली तीही एनबोमच्याच एका चुलतभावाला आत बसवून. विज्ञान म्हणून मला हे काम फार सुंदर वाटतं, आणि म्हणूनच त्याचं पुढे जे झालं त्याचा जास्त त्रास होतो.

वागातोर२३

म्हापसेकरीण ताई थँक्यू. मी २३ चा आहे, या पट्ट्यातच राहतो, मित्रांमध्ये हे सगळं बघतो. दोन गोष्टी ॲड करतो. एक, कडू लागणं. एलएसडीला चव नसते, म्हणजे कागदाची चव सोडली तर काही नाही. एनबोम कडू असतं, धातूसारखं, आणि जीभ बधिर होते, झिणझिण्या येतात. बाहेर इंग्लिशमध्ये म्हणच आहे की कडू लागलं तर थुंकून टाक. दुसरं, एर्लिक टेस्ट, म्हणजे कागदावर रसायनाचा थेंब टाकून रंग बघायचा. एलएसडीमध्ये इंडोल म्हणून भाग असतो तो असला की थेंब टाकल्यावर जांभळा रंग येतो, एनबोममध्ये इंडोल नाहीच त्यामुळे रंग येत नाही. माझ्या एका मित्राने मागवलेलं ते, आणलेल्या तीनपैकी दोन कागदांवर काहीच रंग आला नाही, त्याने दोन्ही फेकून दिले, एका महिन्याचा पगार गेला म्हणत होता पण फेकले.

पेडणे_आई

वागातोर, तू बरं मनाने लिहिलंयस पण मला हे पटत नाही. माझा मुलगा १७ चा आहे. तो हे वाचेल तर त्याला काय कळेल, की टेस्ट केली म्हणजे झालं, थेंब टाकायचा आणि रंग आला की घ्यायचं. अशी माहिती उघड्यावर देऊन आपण पोरांना वाट दाखवत नाही का? ताई तुमच्या भाच्याचं ऐकून रडू आलं, पण हा धागा मोठ्यांसाठी वेगळा ठेवता आला असता.

रात्रपाळी

पेडणे_आई, तुमची काळजी मी समजू शकतो. मी इमर्जन्सीत काम करतो, गोव्यातच, कुठे ते सांगत नाही.

आधी वागातोरच्या म्हणण्यातला अर्धा भाग दुरुस्त करतो, कारण तो अर्धाच सोडला तर खरंच घात होईल. जांभळा रंग आला याचा अर्थ कागदावर इंडोल असलेलं काहीतरी आहे, एवढाच. त्यासोबत आणखी काय आहे, किती आहे, हे तो थेंब सांगत नाही. रंग आला नाही तर ते एलएसडी नाही, हे मात्र नक्की सांगतो. म्हणजे ही टेस्ट फेकायला उपयोगी आहे, घ्यायला नाही. तेच कडूपणाचं. कडू लागलं तर थुंका, पण कडू लागलं नाही म्हणून निर्धास्त राहू नका, मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते, बाकीची सगळी नशा केलेली असते, पार्टीत चव कोणाला कळते. आणि एलएसडी असलं तरी ते निरुपद्रवी नाही, घरात कोणाला स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर असेल तर त्या मुलाचं डोकं एका रात्रीत फिरलेलं मी पाहिलंय, आणि जो लिथियमच्या गोळ्या घेतो त्याला अशाने झटके येऊ शकतात.

आता ताईंनी जे लिहिलं त्यामागचं कारण. काचनळी सरांनी सांगितलेला तो ५-एचटी२ए रिसेप्टर फक्त मेंदूत नसतो. रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या स्नायूतही असतो. तो दाबला गेला की वाहिन्या आवळतात, बीपी चढतं, नाडी १५० च्या वर जाते, कातडीकडे रक्त कमी जातं म्हणून शरीराची उष्णता बाहेर पडत नाही, आणि त्याच वेळी माणूस झटापट करतोय, स्नायू ताठ आहेत, नाचून आधीच घाम गेलेला आहे, आपल्याकडची दमट हवा. ताप ४१ अंशांवर गेला की स्नायूंच्या पेशी फुटायला लागतात, त्यातलं मायोग्लोबिन हे प्रथिन मूत्रपिंडात जाऊन अडकतं. तो कोरा चहा म्हणजे तेच. कोणाकोणाला झटके येतात, काहींना सेरोटोनिन सिंड्रोमसारखं, म्हणजे सेरोटोनिन अती झाल्यासारखं चित्र दिसतं. २०१२ नंतर अमेरिकेत यानेच बरेच तरुण गेले, विशीच्या आसपासचे.

यावर उतारा नाही. असं इंजेक्शन नाही की दिलं आणि उतरलं. आम्ही काय करतो तर शिरेतून लोराझेपाम किंवा मिडॅझोलाम, म्हणजे बेंझोडायझेपिन, शांत करणारी औषधं, भरपूर सलाईन, बर्फाने थंड करणं, आणि फारच असेल तर बेशुद्ध करून व्हेंटिलेटर. त्याला हातापायांनी दाबून धरणं हे सगळ्यात वाईट, जितका तो जोर लावतो तितका ताप चढतो. आणि ती स्ट्रिप. साध्या लघवीच्या स्ट्रिपवर गांजा, अफूजन्य पदार्थ, ॲम्फेटामाईन अशा ठरावीक घराण्यांचीच ओळख असते, एनबोम तिच्यावर उमटत नाही, त्याला मास स्पेक्ट्रोमेट्री, म्हणजे रेणू वजनावरून ओळखणारी मोठ्या लॅबची तपासणी लागते आणि ती रात्री तीनला कुठेच होत नाही. निगेटिव्ह आली याचा अर्थ काही घेतलं नाही असा होत नाही. हे आमच्याच लोकांना परत परत सांगावं लागतं, ताईंची तक्रार रास्त आहे.

तुम्हा सगळ्यांसाठी: असं कोणाला झालं तर १०८ लावा, लगेच. तोंडात पाणी, लिंबू, ताक काही घालू नका, गिळता येत नसेल तर ते छातीत जातं. झटका आला तर चप्पल, कांदा हुंगवू नका, दातात चमचा घालू नका, कुशीवर वळवा आणि डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा. कपडे सैल करा, ओला कपडा, पंखा. काय घेतलं, किती वाजता, दारू किती, नैराश्याच्या गोळ्या चालू आहेत का, हे खरं सांगा. कागदाचा तुकडा उरला असेल तर घेऊन या.

म्हापसेकरीण

डॉक्टर, लिंबूपाण्याचं वाचून अंगावर काटा आला. त्या पोरांनी प्रेमानेच दिलं होतं.

पेडणे_आई, राग मानू नका, पण माझा भाचाही १७ चा होता तेव्हा त्याच्यापासून आम्ही सगळं लपवलं. ड्रग्ज वाईट, त्या बाजूला जाऊ नको, एवढंच. त्याला कोणी सांगितलं असतं की कागद हा फक्त कागद आहे, त्यावर काय आहे हे देणाऱ्यालाही माहीत नसतं, तर त्याने मोबाईलवर वेगळं काहीतरी शोधलं असतं. तुमच्या मुलाला हा धागा तुम्हीच वाचून दाखवा असं मी म्हणेन, शेजारी बसून.

शिवोलीचा काका

बाय, तुमी सगळीं शिकलेलीं माणसं, मी टाईप हळू करतो समजून घ्या. मी लहानपणापासून बघत आलोय हे. माझ्या वडलांचा हणजुणेला चहा-भज्यांचा गाडा होता, सत्तरच्या दशकात, हिप्पी बसायचे समोर. ॲसिड, म्हणजे हे एलएसडीच, तेव्हापासून आहे, आम्हा पोरांना ते लोक दूरच ठेवायचे, एक दाढीवाला होता तो वडलांना म्हणायचा पोरांना माझ्या पेल्यातलं काही पिऊ देऊ नका. पुढे नव्वदीत ट्रान्सची म्युझिक आली, पौर्णिमेच्या पार्ट्या झाल्या, आमच्याच बायका रात्रभर चटई टाकून चहा, ऑम्लेट विकायच्या, त्यावर मुलांची शिक्षणं झाली हे पण खरं. तेव्हा पण पोरं वेड्यासारखी करायची, समुद्रात जायची, एकाला आम्ही खडकावरून ओढून काढलेला. पण अशी तापून भाजून गेलेली कधी बघितली नव्हती. मला वाटायचं हल्लीची पोरं नाजूक. आज कळलं पदार्थच वेगळा आहे. मग हे एलएसडी गेलं कुठे आणि हे आलं कुठून?

काचनळी

काका, फार चांगला प्रश्न. एलएसडी करायला अर्गट लागतो, म्हणजे राय धान्यावर पडणाऱ्या बुरशीतून येणारी द्रव्यं. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या सँडोझ कंपनीत आल्बर्ट हॉफमन यांनी १९३८ मध्ये त्यातूनच ते केलं आणि १९ एप्रिल १९४३ ला स्वतः घेऊन पाहिलं. ही अर्गटची द्रव्यं, अर्गोटामाईन, लायसर्जिक आम्ल, १९८८ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारापासून आंतरराष्ट्रीय नियंत्रणात आहेत. करणारे लोकही कमीच असतात. २००० मध्ये अमेरिकेत कॅन्सस राज्यात एका बंद पडलेल्या क्षेपणास्त्राच्या तळात ठेवलेली एलएसडीची प्रयोगशाळा पकडली, त्यानंतर बरीच वर्षं बाजारात माल आटला होता. एनबोमला अर्गट लागत नाही, म्हणून ते स्वस्त पडतं, आणि इतक्या कमी मात्रेत चालतं की छोट्याशा तुकड्यावर मावतं. या दुसऱ्या गोष्टीमुळेच ते एलएसडीच्या वेषात फिरू शकतं. २सी-आय कागदावर मावलंच नसतं.

आणखी एक, ते कागदावरच का येतं. गिळलं तर यकृत त्याला पहिल्याच फेरीत मोडून टाकतं, म्हणून गालात किंवा जिभेखाली ठेवतात, तिथून थेट रक्तात. एलएसडीला तसं काही लागत नाही.

असं आधीही झालंय. १९६७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एसटीपी नावाने डीओएम हा दुसराच नशेचा पदार्थ वाटला गेला, ते चढायला वेळ लावायचं, पोरांना वाटलं काही होत नाही म्हणून आणखी घ्यायची आणि मग दवाखाने भरले. निकोल्स यांच्याच प्रयोगशाळेत १९९८ च्या सुमारास ब्रोमो-ड्रॅगनफ्लाय नावाचा रेणू झाला, तो पुढे बाजारात पोचला आणि त्याने रक्तवाहिन्या इतक्या आवळल्या की एका माणसाची बोटं कापावी लागली. निकोल्स यांनी स्वतः नंतर लिहिलंय की आपल्या कामातून लोक मेले याचं ओझं त्यांच्या मनावर आहे.

पुणे_पणजी

एनबोम नक्की बाजारात आलं कधी? आणि बंदी नव्हती का?

फोंड्याचा वकील

कायद्याचं मी सांगतो. २०१० च्या आसपास ते इंटरनेटवरच्या दुकानांत दिसायला लागलं, रिसर्च केमिकल म्हणून, माणसांसाठी नाही अशी चिठ्ठी लावून. त्याला कारण असं की तोवर ते कुठल्याच यादीत नव्हतं. बंदी नाव घेऊन घालायची असते, आणि नाव म्हणजे एक ठरावीक रेणू. २सी-आयवर बंदी आली की शेपटी लावा, शेपटीवर आली की शेपटीच्या टोकाचा गट बदला. ब्रिटनने जून २०१३ मध्ये तात्पुरती बंदी घातली, अमेरिकेने नोव्हेंबर २०१३ मध्ये तातडीने २५आय, २५सी, २५बी तिन्ही पहिल्या शेड्यूलमध्ये, म्हणजे सगळ्यात कडक यादीत टाकले, युरोपीय संघाने २०१४ मध्ये २५आयवर बंदी आणली, आणि २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी तिन्ही १९७१ च्या कराराच्या पहिल्या यादीत घेतले. म्हणजे प्रयोगशाळेपासून जागतिक बंदीपर्यंत १२ वर्षं. एलएसडीचेही असेच अवतार चालू आहेत, १पी-एलएसडी २०१५ ला आलं, जर्मनीने २०१९ मध्ये ते कायद्याखाली आणलं तर लगेच १सीपी आलं, त्याच्यामागे १व्ही. संयुक्त राष्ट्रांच्या नोंदीत असे नवे पदार्थ १,००० च्या वर गेलेत.

आपल्याकडे १९८५ चा एनडीपीएस, म्हणजे अंमली पदार्थांचा कायदा. त्यात एलएसडीची कमर्शियल क्वांटिटी, म्हणजे व्यापारासाठीचा साठा समजायची मर्यादा, आहे ०.१ ग्रॅम, आणि तेवढं सापडलं तर किमान १० वर्षं. पोरांना वाटतं कागदाला वजन ते काय. पण २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की मिश्रणातला निरुपद्रवी पदार्थही वजनात धरायचा, आणि त्यानंतर ब्लॉटरचा, म्हणजे स्टॅम्पचा कागद धरायचा की नाही यावर हायकोर्टांत भांडणं झालीत. अमेरिकेत तर १९९१ मध्येच तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कागद धरायचा म्हणून सांगितलेलं. पाकिटात दोन-चार स्टॅम्प ठेवणाऱ्या पोराला हे माहीत नसतं.

आता १०८ च्या भीतीचं. इथे खोटं सांगणार नाही. विषबाधेची केस आली की हॉस्पिटल एमएलसी, म्हणजे मेडिको-लीगल केसची नोंद करतं, पोलिसांना कळवतं. रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने संरक्षण मिळालं, तसं ड्रग्जच्या ओव्हरडोसमध्ये फोन करणाऱ्याला आपल्याकडे नाही, आणि ते असायला हवं असं माझं स्पष्ट मत आहे. व्यसनी माणूस आपणहून उपचाराला गेला तर खटल्यापासून संरक्षण देणारं एनडीपीएसचं कलम ६४अ आहे, पण ते एका रात्रीपुरतं घेतलेल्या कॉलेजच्या पोराला नीट बसत नाही. तरी वकील म्हणून सांगतो, सेवन केल्याची शिक्षा महिन्यांत मोजतात आणि त्यात जामीन होतो. खोलीत कोंडून ठेवलेला मित्र मेला तर जे मागे लागतं त्यातून सुटायला वर्षं जातात.

वागातोर२३

वकील साहेब हे आम्हाला कोणीच कधी असं सांगितलं नाही. कॉलेजमध्ये व्यसनमुक्तीचं व्याख्यान होतं तेव्हा तंबाखू आणि दारूच्या स्लाईड असतात, शपथ घ्यायची, फोटो, संपलं. रात्रपाळी डॉक्टर, माझी चूक मान्य, ती टेस्टवाली पोस्ट मी अर्धवट लिहिली.

पेडणे_आई

मी काल रात्री मुलाला वाचून दाखवलं सगळं. मध्येच मोबाईल घेऊन उठून जाईल वाटलं होतं, पण बसला. लिंबूपाण्याच्या ठिकाणी म्हणाला, आई आम्ही पण तेच केलं असतं. मी काय बोलणार. डॉक्टर, घरी काही लक्षणं बघून कळतं का, म्हणजे आधीच?

रात्रपाळी

बाहेरून नाही कळत ताई. रोज घेण्याचा हा पदार्थच नाही, त्यामुळे खोली उचकायची, लघवी तपासायची, याचा काही उपयोग नाही, फक्त मुलगा दुरावेल. त्याने तुम्हाला आम्ही पण तेच केलं असतं असं सांगितलं ना, एवढं तो बोलतोय हे धरून ठेवा. कोणाला वाटलं की घेणं वाढतंय तर बांबोळीला मनोरुग्ण संस्थेत ओपीडी आहे, १४४४६ ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाईन आहे, मनाचं काही असेल तर टेलिमानस १४४१६. दोन्ही हेल्पलाईनला पैसे लागत नाहीत.

शिवोलीचा काका

आमच्या वाड्यावर शॅकमध्ये काम करणारी पाच-सहा पोरं आहेत, नेपाळची, कर्नाटकातली, दोन आपली. त्यांना आज सांगितलं, कोण गिऱ्हाईक तापून पडलं तर आंबट पाजू नका, फोन करा. एकजण म्हणाला काका गेल्या सीझनला आम्ही एकाला ताक पाजलं होतं. तो गोरा दुसऱ्या दिवशी चालत गेला म्हणे, नशीब त्याचं.

म्हापसेकरीण

काचनळी सर, तुम्ही विचारलेलं राहून गेलं. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाच्या तपासणीचा आकडा, जूनमध्ये नॉर्मलला आलं, आता दर तीन महिन्यांनी तपासणी. पायात अजून गोळे येतात, जिने चढताना धरून चढतो. एक सेमिस्टर गेलं.

हा धागा त्याला दाखवला. बराच वेळ वाचत होता, मग म्हणाला मावशी त्यात एक गोष्ट घाल. वागातोरने लिहिलेला तो कडूपणा त्याला लागला होता. पहिल्या मिनिटातच, जीभ जड झाली होती. त्याने मित्राला विचारलं सुद्धा, कडू का लागतंय, आणि मित्र म्हणाला शाई असेल, वर चित्र छापलंय ना. मोराचं पीस होतं म्हणे, निळं-हिरवं. म्हणून त्याने थुंकलं नाही.